लेकीचं कार्ड

मस्तगडातल्या आमच्या घरात कागदपत्रं माझ्या कपाटात असतात अन् किल्ली माझ्या कमरेला. त्या शिस्तीचा मला लई तोरा होता. त्याच शिस्तीनं माझ्या लेकीचा जीव घेतला असता.

लग्नाआधी तिचं अपेंडिक्सचं ऑपरेशन सरकारी दवाखान्यात झाल्तं. भुलीसोबत दिलेल्या एका इंजेक्शननं तिचा श्वासच बंद पडला. चार तास मशीनवर होती. मंग तिचं रक्त तपासायला पाठवलं. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, हे जन्मापासूनच तिच्या अंगात आहे, दुसऱ्यांना चालतं ते औषध हिला चालत न्हाई. पिवळं कार्ड दिलं. कुठंही ऑपरेशन असलं तर आधी हे दाखवा म्हणाल्या. ही तपासणी आता कुठं गोरगरिबांपर्यंत आली, कार्ड जपा.

जपलं ना मी! साड्यांच्या खाली. स्थळं येऊन राह्यली होती, अन् पोरीच्या रक्तात दोष आहे म्हटल्यावर कोण दारात आलं असतं? सासरी अवाक्षर काढायचं न्हाई, असं तिला बजावलं. माझं गणित सोपं होतं: पहिलं बाळंतपण माहेरी असतं, तेव्हा मीच दाखवीन. दाखवलंही. दुसरं बाळंतपण सासरी होतं, हे मला ठाऊक नव्हतं का? अक्कल गहाण ठेवल्ती, दुसरं काय.

दुसऱ्या खेपेला लेकीच्या सासरहून, वडीगोद्रीहून जावयांचा फोन आला. बाळ अडलंय, दवाखान्यात आणलंय, पूर्ण भूल देऊन ऑपरेशन करायचं म्हणतात. मागं विहीणबाईंचा आवाज येत होता. खोटं कशाला बोलू, त्या घडीलाही मला आधी लाजच वाटली. मंग मी म्हणाले, "जल्दी डॉक्टरांना फोन द्या. तिला एक इंजेक्शन चालत न्हाई, श्वास बंद पडतो. माझ्याकडं कार्ड आहे."

कार्डाचा फोटो पाठवला. डॉक्टरांनी ते औषध टाळलं. नात झाली, दोघी सुखरूप.

मी पोचले तेव्हा विहीणबाईंनी कार्ड मागून घेतलं, उलटसुलट पाह्यलं. "आधी सांगितलं असतं तर आम्ही काय पोरीला नाही म्हटलं असतं?"

म्हटलं असतं, असं मला आजही वाटतं. पण तोंड वर करून बोलायची सोय मी ठेवली नव्हती.

डॉक्टर म्हणाले, नातीचंही रक्त तपासून घेऊ. लेक पडल्या पडल्या ऐकत होती.

"आई," ती म्हणाली, "हिचं कार्ड निघालं तर ते सासूबाईंकडं राहील. तुझ्याकडं नको."