चुडीवालीचं मनगट

२२ एप्रिल २००१. रविवार असला तरी लसींचे डबे धुऊन उन्हात ठेवायचे होते. डब्याच्या कडेवर हात आपटला आणि माझ्या उजव्या हातातली चुडी फुटली. दवाखान्याच्या कामात अडचण नको म्हणून मी दोन्ही हातांत एकेकच चुडी घालते. ती गेली की हात लगेच भुंडा दिसतो. काचा गोळा करताना कानात एक वाक्य वाजलं : “हात ढिला सोड बाई, बाकी माझं काम.”

तुमच्याही गावात अशी एखादी चुडीवाली असेल. आमच्या गावातल्या चुडीवालीला सगळ्या बायका चाची म्हणतात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावाहून गडचिरोलीकडे जाताना लागणारं आमचं बाजाराचं गाव. चाचीचं घर मशिदीमागच्या गल्लीत. नवरा आणि मुलगा हैदराबादेत मिस्त्रीकाम करतात, घरात ती आणि सून. डोक्यावर चुड्यांची पेटी घेऊन चाची आजूबाजूची खेडी करायची. समोर बसली की आपला हात ओढून मांडीवर घ्यायची, अंगठा तळव्यात दुमडायची, बोटांची हाडं दाबायची. चुडी कधी चढली ते कळायचंच नाही.

रंग विचारायची, माप कधीच नाही. नावं मात्र तिच्या लक्षात राहत नसत. ती बायकांना मापानंच हाक मारायची. सरपंचाची बायको ‘सव्वादोन’. मी ‘अडीचवाली सिस्टर’.

“एवढा मोठा पंजा! तू सुई देते का कुदळ मारते वं?”

आम्ही हसायचो. तीही हसायची.

एकदा माझ्याच हातावर चुडी चढवताना ती थांबली. डोळे उघडे, पण नजर माझ्या खांद्यापलीकडे. ओठ काहीतरी चघळल्यासारखे हलत होते, बोटं पदराची कड चिवडत होती. मी हाका मारल्या, उत्तर नाही. थोड्या वेळानं भानावर येऊन तिनं विचारलं, “कोणता रंग दाखवू?” हिरवी चुडी माझ्या हातावर अर्धी चढलेली होती.

मिरगी, म्हणजे फेफरं, तिला लहानपणापासून होती. अशी हरवायची ते कोणी आजार म्हणून मोजतच नसे; जमिनीवर पडून हातपाय झाडायची तेवढीच मिरगी. मग लोक नाकाला कांदा लावायचे, चप्पल हुंगवायचे. काचेच्या चुड्या मनगटातच फुटायच्या. एकदा काच खोल रुतली आणि मी टाके घातले. त्या दिवसापासून सुनेनं सासूच्या हातात काच ठेवली नाही. सुनेचं काही चुकलं नव्हतं. पण नवरा जिवंत असलेल्या चुडीवालीचे हात भुंडे! लग्नघरच्या बायका पेटी पाहून पुढे यायच्या आणि मनगट पाहून मागे सरायच्या. “नवरीला पहिली चुडी हिच्या हातची नको,” असं तिच्या तोंडावर म्हणायच्या.

मी म्हटलं, “प्लास्टिकच्या घाला ना.”

“हलवायानं नकली पेढे खावे का?” चाची म्हणाली. पण त्यात जोर नव्हता.

झटक्यांसाठी तिला एक जुनी, स्वस्त गोळी सुरू होती. त्या गोळीनं झटके कमी झाले. दवाखान्यात तोवर एकच प्रश्न विचारला जायचा, झटके किती आले? ते कमी, म्हणजे सगळं ठीक. आणि इकडे चाची खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडायला लागली. एका सकाळी सून मला बोलवायला आली.

“खात नाई, बोलत नाई. नुसती सुस्ती करून राह्यली. पेटी इकून टाकू म्हणते.”

मी जाऊन खाटेशी बसले. पेटी खाटेखाली, तिच्यावर धूळ.

“चाची, काय होतंय?”

“काई नाई होत. तेच तं. भूक होत नाई, रडू बी होत नाई.” मग सुनेकडे हात करून म्हणाली, “काल हिचं नाव नाई आठवलं मले. घरच्या सुनेचं. अशी बाई जगून काय करते?”

हे ऐकून तसंच घरी परतायचं नसतं. चंद्रपूरहून महिन्यातून एकदा मेंदूच्या आजारांचे डॉक्टर आमच्याकडे येत. ती तारीख दोन दिवसांवर होती. तोवर तिला एकटं सोडू नकोस, असं सुनेला बजावलं आणि डॉक्टर आले त्या दिवशी चाचीला उठवून दवाखान्यात घेऊन गेले.

डॉक्टरांनी झटक्यांआधी झोप विचारली, भूक विचारली, मरावंसं वाटतं का हेही सरळ विचारलं. चाची तितक्याच सरळपणे हो म्हणाली. मग त्यांनी तिला तीन शब्द सांगितले : तळं, कुलूप, बैल. इकडचं तिकडचं बोलून परत विचारले. तिला एकही आठवेना. डॉक्टर नाडी बघायला पुढे झाले, तर तिनंच त्यांचा हात धरला, अंगठा दुमडला, हाडं दाबली. “पावणेतीन,” ती म्हणाली.

डॉक्टर हसले. “हे शाबूत आहे. हातांची आठवण मेंदू दुसरीकडे ठेवतो.”

मग त्यांनी समजावलं. कानाच्या वर, मेंदूत आत एक जागा आहे, तिथे नवी आठवण तयार होते. तिला लागूनच भीती आणि मन सांभाळणारी जागा. चाचीचा झटका बहुतेक तिथूनच उठतो. वारंवार उठला की दोन्हींना झीज लागते. म्हणजे नाव विसरणं वेंधळेपणा नाही आणि उदास होणं मनाचा कमकुवतपणा नाही. कधीकधी उदासी झटक्यांच्याही आधी येते. वर ती जुनी गोळी मन आणखी जड करणारी.

चाची म्हणाली, “म्हंजे मी पागल नाई.”

“नाही.”

“दोऱ्यात चुड्या ओवतो आमी. दोरा एका जागी झिजला का सगळ्या घसरते. तसं का?”

“तसंच.”

“मंग काचेच्या कधी घालू?”

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी त्यांना मनगटाची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, वर्षभर एकही झटका आला नाही तर बघू.

जुनी गोळी हळूहळू कमी केली, नवी सकाळ-संध्याकाळ सुरू केली, मनासाठी वेगळी दिली. महिन्याभरानं चाची उठून अंगणात बसायला लागली. मग पेटी पुसली. मग रमजान आला आणि बाईनं दिवसा रोजा म्हणून दोन्ही वेळच्या गोळ्या रोजा सोडताना एकदम घेतल्या. चक्कर येऊन पडली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी झटका आला.

“एक गोळी पहाटे सहरीला, एक संध्याकाळी इफ्तारला,” मी ओरडले. “अल्लाला चालतं, विचारून घ्या!”

तिनं खरंच मशिदीतल्या मौलवींना विचारून घेतलं. मग माझ्यावर ओरडली, “चालते म्हणाले. पैलेच सांगायचं होतं ना तुनं!”

वर्ष पुन्हा पहिल्यापासून मोजलं. ते या जानेवारीत भरलं. डॉक्टर काचेला हो म्हणाले, पण चाची अडून बसली. “आता नाई. लग्नाचे दिवस येऊ दे. गिऱ्हाइकासमोर घालून जाईन.” नावं ती अजून विसरते. डॉक्टर म्हणतात, तेवढं राहील. सुनेचं मात्र विसरत नाही, रोज सकाळी गोळी घेताना ते नाव मोठ्यानं उच्चारते. सून वैतागते.

तर त्या रविवारी मी फुटलेली चुडी केरात टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या आधी चाचीकडे गेले. सून अंगण झाडत होती. खाट भिंतीला उभी करून ठेवलेली.

“नाई हाय. पयल्या गाडीनं गेली, सावलीकडे. लग्नघर हाय तिथी. नवरीच्या चुड्या.”

“तू सोबत नाही गेलीस?”

“नको म्हणे. एकटीच गेली, पेटी घेऊन.” ती झाडू टेकवून हसली. “काचेच्या घालून गेली, हिरव्या. कोपरापर्यंत!”

“मग माझं काय?”

“उद्या या ना. मले कुठी येते चुड्या भरता?”

मी भुंड्या हातानंच कामावर गेले. रांगेतली पहिली बाई माझ्या मनगटाकडे बघायला लागली.

“काऊन सिस्टर, चुडी कुठी?”

“चुडीवाली कामावर गेली आहे,” मी म्हटलं, आणि ब्लडप्रेशरचा पट्टा तिच्या दंडाला गुंडाळला. “हात ढिला सोडा.”