चंपीची चाल

शाळेच्या क्रीडादिनी सगळी मुलं कोण पहिला येतो ते बघत होती, आणि सातवीतला अनेकांत मगदूम रेषेशेजारी पालथा पडून पळणाऱ्यांचे पाय बघत होता. तेव्हाच तो पहिल्यांदा शिक्षकांच्या नजरेत भरला. एरवी त्याला एका जागी बसवत नसे. डबासुद्धा तो येरझाऱ्या घालत खायचा.

पुढं त्यानं कोल्हापूरच्या राजारामपुरीत, एका क्लासच्या वरच्या मजल्यावर, कार्टूनचा स्टुडिओ काढला. चित्रं काढणारी सहा पोरं आणि देखावे रंगवणारी गगनबावड्याची वर्षाराणी. आधी साड्यांच्या दुकानांच्या जाहिराती केल्या. मग एका वाहिनीनं त्यांची 'चंपी' घेतली, शहरभर हिंडणाऱ्या खोडकर म्हशीची मालिका. तेरा भाग टीव्हीवर लागले. गल्लीतली पोरं चंपीसारखं हंबरायला लागली. वाहिनीनं आणखी तेरा मागितले, पण पहिले चार गणपतीआधी हातात पाहिजेत, नाहीतर जागा दुसऱ्याला, असं बजावलं.

दोन भाग तयार झाले होते. चहाचं दूध घालायला आलेला केरबा गवळी पडद्यासमोर थबकला.

"ही म्हस व्हय? घोड्याला शिंगं लावल्यात की!"

सगळे हसले. अनेकांत तेवढा हसला नाही. "काय चुकलंय, मामा?"

"म्हस मान उडवत न्हाय. मान खाली, अन् कंबर डुलती. तुम्ही कोल्हापूरचंच न्हवं, पावणं?"

ते 'पावणं' त्याला फार लागलं. तो कोडोली गावात आपल्या सख्ख्या मामाच्या गोठ्यात चार दिवस बसला, मोबाइलवर म्हशी टिपून आला आणि दोन्ही भाग पुन्हा काढायला घेतले.

वर्षाराणी भडकली. "तेरा भाग बघितलं लोकांनी. कोण बोललं?"

"केरबामामा बोलले."

"एकटा माणूस! अन् गणपती काय थांबणार हाईत?"

अनेकांत तोवर हात जमिनीला टेकून खोलीभर चालत होता, कंबर कशी डुलते ते पोरांना दाखवत.

वाहिनीचा फोन रोज यायचा. तो कानाला लावून अनेकांत जिन्यावर खालीवर करायचा, "उद्या पाठवतो" म्हणायचा, आणि आत येऊन मागचा पाय पुन्हा काढायला सांगायचा. चारही भाग पोचले तेव्हा विसर्जन होऊन गेलं होतं. चंपीच्या वेळेला परदेशी मांजराचं कार्टून मराठीत बोलत होतं.

चौथा भाग केरबानं उभ्याउभ्याच पाहिला. "आता म्हस हाय," म्हणाला आणि किटली उचलून पुढच्या घरी गेला.

नवं काम काही आलं नाही. पोरं एकेक करून पांगली. वर्षाराणी पुण्याला गेम बनवणाऱ्या कंपनीत लागली. निघताना ती अनेकांतशी धड बोललीही नाही.

अनेकांत आता एकेचाळीस वर्षांचा आहे. खालच्याच क्लासमध्ये तो बारावीच्या मुलांना जीवशास्त्राच्या आकृत्या शिकवतो, आठवड्यातून तीन दिवस.