अँग्रेकमची दृष्ट

आफ्रिकेतलं ऑर्किड घरात वाढवायचं खूळ माझ्या डोक्यात ज्यानं भरवलं, त्याला गाठून चांगला झापायला पाहिजे. पण भरवणार कोण? मोबाईलवर फोटो बघून मीच पाघळलो. पांढरंशुभ्र चांदणीसारखं फूल आणि त्याच्या मागं वीतभर लांब शेपूट. नाव अँग्रेकम, मूळ गाव मादागास्कर. बेंगळुरूच्या एका झाडवाल्यानं पार्सल पाठवलं. उघडून बघतोय तर चार पानं आणि सुतळीएवढ्या दोन मुळ्या.

आमचं घर येळ्ळूरचं, भात पिकवणारं. मी उद्यमबागेतल्या कारखान्यात लेथवर असतो, पण आईचा जीव अजून बांधावरच. लाकडी टोपलीत कोळसा आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे भरून मी रोप पडवीत टांगलं, तेव्हा ती कमरेवर हात ठेवून बघत होती.

"माती कुठं हाय रं?"

"ह्याला माती लागत न्हाय आई."

"मातीबिगर जगतंय ते बांडगूळ. आंब्यावरचं बांडगूळ आम्ही कोयत्यानं काढून टाकतोय, आन तू घरात आणून टांगतोस व्हय!"

पुढं काय काय सोसलं ते माझं मला माहीत. मी कामावर गेलो की आई दयेपोटी टोपलीत शेणखत कोंबायची. मुळ्या कुजल्या, मी त्या धुवून परत बसवल्या. थंडीमागून थंडी गेली. पानावर पान येत होतं, फुलाचं नाव न्हाय. "अहो, एवढी सेवा माझी केली असती तर मीच फुलले असते," असं बायको येता-जाता म्हणायची. पिढ्यान् पिढ्या भात काढणाऱ्या घरात मला एक फूल काढता येईना, ह्याची लई चीड यायची.

आणि एका दिवाळीनंतर पानांच्या बेचक्यातून दांडा आला. त्याला हिरव्या कळ्या धरल्या, कळ्यांना शेपट्या फुटल्या. आई तर पार बदलली. गल्लीतल्या सगळ्या बायकांना बोलावून बोलावून दाखवलं. "बांडगूळ म्हणत होतीस की," मी म्हटलं, तर म्हणाली, "गप रं, त्याला ऐकू जाईल."

अवसेला कामावरून आलो तर पडवीत एकदम ठसका लागला. आई खुशीत होती. "एवढ्या बायका बघून गेल्या, दिष्ट लागायची. मीठ, मोहऱ्या, मिरच्या उतरून इंगळावर टाकल्या आन घमेलं टोपलीखाली धरलं. चांगला धूर लागला बघ."

आठवडाभरात कळ्या पिवळ्या पडल्या. एक एक करत सगळ्या गळल्या. पाणी कमी झालं का, वारं लागलं का, मी डोकं धरून बसलो. शेवटी झाडवाल्याला फोन केला. त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, "कळ्यांजवळ धूर केला होता काय?"

मी फोन ठेवला. डोक्यात नुसती आग. तरातरा आत गेलो, तर आई चुलीपुढं बसलेली, समोरची भाकरी तशीच. "म्या उशीर केला रं," ती म्हणाली. "कळी दिसली त्याच दिवशी उतराय पायजे हुतं."

आता हिला काय सांगू? लहानपणी मी सदा आजारी. माझ्या प्रत्येक तापाला तिनं ह्याच मिरच्या उतरल्या, आणि मी जगलो तो त्यामुळंच अशी तिची खात्री. तुझ्याच धुरानं कळ्या मेल्या, असं सांगायला माझी जीभ उचलेना. चरफडत भाकरी पुढं सरकवली.

ह्या थंडीत परत दांडा आला. कळी दिसायचा अवकाश, आई मिरच्या घेऊन तयार!

"आई, झाडाची दृष्ट कशाला काढतीस?" मी म्हटलं. "लोक जळत्यात ते माझ्यावर. माझी काढ."

तिला पटलं. झाडापासून लांब, परसात मी पाट मांडून बसलो. पन्नाशी उलटलेला माणूस, बायको खिडकीतून तोंडात पदर कोंबून हसतीया. आमच्याकडं मिरच्या जळून ठसका लागला तर दृष्ट नव्हती असं धरतात. म्हणजे मी खोकलो की आई घमेलं घेऊन झाडाकडं जाणार. डोळ्यांतून पाणी, घशात जाळ, पण मी तोंड दाबून धरलं.

"बघ, ठसका सुदिक न्हाय! केवढी लागलीया पोराला," आई कळवळली. मग दर शनिवारी, दर अवसेला तेच. दर वेळी मनात म्हणायचो, देवा, झाड नको पण हा धूर आवर.

काल संध्याकाळी पहिलं फूल उमललं. पडवीभर वास सुटला. आई टोपलीखाली उभी राहिली, शेपटीकडं लांबूनच बोट दाखवलं, हात लावला नाही. किती तरी वेळ बघत होती.

"तुला वाचवलं तसंच ह्याला बी वाचवलं बघ," ती म्हणाली.

"आता फूल बघाय सगळा गाव येणार," म्हणत ती माझ्याकडं वळली. "पाट आण."

मी पाट आणला.