शिरूरच्या मैदानात मोडलेली मान

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीकडं धरला आणि माझ्या वडिलांना, आबांना, जवळ बोलावलं. मी स्ट्रेचरवर उताणी होते. मला खिडकी दिसत नव्हती, आबाही दिसत नव्हते. फक्त आवाज येत होते.

"मानेत सात मणके असतात. त्यातला पाचवा मोडून पुढं सरकलाय. याला सर्व्हायकल फ्रॅक्चर म्हणतात, म्हणजे मानेचा मणका मोडणं. या मणक्यांच्या आतून मज्जारज्जू जातो. मेंदूचा निरोप हातापायांना पोचवणारी दोरीच म्हणा. ती दाबली गेलीय."

आबांनी विचारलं, "पर ती पडली कुठं?"

"कबड्डी खेळताना," डॉक्टर म्हणाले.

मी कबड्डी खेळते हे आबांना तेव्हा कळलं. घरून निघताना मी परीक्षेचा फॉर्म भरायचाय म्हणून सांगितलं होतं. त्यांना निरोप मिळाला होता तो एवढाच, की पोरीला पुण्याला नेलंय, लगेच निघा.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे, मी एकोणीस वर्षांची होते. आता लिहायचं कारण एवढंच, की आपल्याकडं अजून मातीवर सामने होतात, पोरं-पोरी पडतात, आणि पडलेल्याला काय करायचं हे भोवती उभ्या असलेल्या शंभर माणसांतल्या एकालाही माहीत नसतं.

आमचं गाव केंदूर. आजोबांच्या वेळेपर्यंत घरात मेंढरं होती, आबांनी ती विकून शेती धरली. मी शिरूरला कॉलेजात जायची आणि तिथं कबड्डीच्या संघात चढाई करायची. अंगानं किडकिडीत, पण पायानं चपळ. पलीकडच्या अंगणात जाऊन कुणालातरी शिवून परत यायचं, एवढ्यात माझा जीव होता. मामाच्या मुलीचा जुना ट्रॅकसूट दप्तराच्या तळाशी असायचा.

त्या दिवशी सामना दौंडच्या संघाशी होता. मैदानावर आदल्या दिवशी ट्रॅक्टरनं रोलर फिरवला होता. पाणी मारलं होतं, पण दुपारपर्यंत सगळं वाळून फरशीसारखं झालं होतं. शेवटची काही मिनिटं उरली होती. मी एकीला शिवले आणि वळले, तेवढ्यात त्यांच्या ज्योतीनं मागून माझी कंबर धरली.

इथपर्यंत काही चुकीचं नव्हतं. कंबर धरणं हा खेळच आहे. पण दुसरीनं माझा पाय धरून वर ओढला, आणि ज्योतीनं मला उचललं. माझे दोन्ही पाय जमिनीवरून सुटले. पंचाची शिट्टी त्याच वेळी वाजायला हवी होती. ती वाजली नाही. ज्योतीनं मला आपटलं. मी डोक्यावर पडले आणि उसाचं कांडं मोडावं तसा आवाज मला आतून ऐकू आला.

हाताला मुंग्या येत होत्या, हे मला पक्कं आठवतं. म्हणजे हात तेव्हा कळत होते. मग गर्दी झाली. दोघांनी काखेत हात घातले, दोघांनी पाय धरले आणि मला उठवून बसवलं. मान पुढं लोंबली. कुणी तोंडावर पाणी मारलं. एक जण म्हणाला, "नस चढलीय, थांबा," आणि त्यानं माझी मान धरून फिरवली. सगळ्यांनी मदत म्हणूनच केलं. त्यानंतर मुंग्या थांबल्या. हातही थांबले. गळ्याखाली मी आहे की नाही, तेच कळेना.

पुढं मी डॉक्टरांना विचारलं होतं, हे पडल्यामुळं झालं की उचलल्यामुळं? ते म्हणाले, "नक्की सांगता येणार नाही. पण तुला कुणी हलवलं नसतं तर बरं झालं असतं."

दुसऱ्या दिवशी मला स्कल ट्रॅक्शन लावलं. म्हणजे कवटीला दोन्ही बाजूंनी लोखंडी चिमटा बसवतात, त्याला दोरी बांधतात, दोरी खाटेच्या टोकाला असलेल्या कप्पीवरून खाली सोडतात आणि तिला वजनं लटकवतात. सरकलेला मणका त्यानं हळूहळू जागेवर येतो. कानावरचे केस काढले, इंजेक्शन देऊन जागा बधिर केली. दुखलं नाही, पण हाडात काहीतरी फिरत गेल्याचा आवाज आला. "सहा आठवडे," डॉक्टर म्हणाले. "मान हलवायची नाही."

सहा आठवडे म्हणजे बेचाळीस दिवस. मला दिसायचं ते फक्त छत, आणि पंख्याचं एक पातं. माणूस खाटेवर वाकला तरच दिसायचा. हे भेटायला येणाऱ्यांच्या लक्षात येत नसे. ते बाजूला उभे राहून बोलायचे आणि मी छताला उत्तरं द्यायचे.

बायकांच्या वॉर्डात पुरुषांना थांबू देत नसत. आई दोनदा आली. घरी म्हैस होती, कांदा काढायला आला होता, धाकटा भाऊ शाळेत. आबा रोज चार ते सहा यायचे. केंदूरहून रोज येणं जमत नाही, मग ते राहतात कुठं, हे मी विचारलं नाही. दवाखान्याच्या फाटकाजवळच्या लिंबाखाली ते दिवसभर बसत आणि रात्री व्हरांड्यात झोपत, हे मला घरी जाताना चहावाल्यानं सांगितलं. आत आल्यावर ते चमच्यानं पेज भरवायचे. मी का खोटं बोलले हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. मी रोज वाट बघायचे की आज विचारतील. रागवले असते तर काही बोलणं तरी झालं असतं.

दर दोन तासांनी मला थोडा वेळ उजव्या कुशीवर, भिंतीकडं वळवावं लागे. नाहीतर पाठीला बेडसोर होतात, म्हणजे एकाच जागी दाब पडून कातडी कुजते. याला लॉग रोल म्हणतात. मान, पाठ आणि पाय ओंडक्यासारखे एकाच वेळी वळवायचे. त्याला तीन माणसं लागतात. सिस्टर एकच असायची. मग ती वॉर्डातल्या मावशीला हाक मारायची आणि कुठल्यातरी पेशंटच्या नातेवाईक बाईला बोलवायची. किती अनोळखी बायकांच्या हातांनी मी वळले, त्यांची तोंडं मी पाहिलेली नाहीत.

डावीकडच्या खाटेवर मंचरकडच्या एक बाई होत्या. दिवसभर माझ्याशी बोलायच्या. दोन सुना, एकीचं कौतुक, एकीच्या तक्रारी. अकरा दिवस मी त्यांचं ऐकत होते. एका सकाळी आवाज आला नाही. मावशीला विचारलं तर म्हणाली, "हलवलं त्यास्नी." कुठं, ते बोलली नाही. त्या दिसायला कशा होत्या, मला माहीत नाही.

आमच्या संघातली एकही मुलगी आली नाही. वॉर्डात चपलांचा आवाज झाला की मी कान द्यायचे. संघाच्या सरांनीच त्यांना सांगितलं होतं, जाऊ नका. तिला असं बघितलं तर तुमच्या घरचे तुम्हाला खेळू देणार नाहीत. हे मला वर्षभरानं कळलं.

डॉक्टर रोज सकाळी पायाशी उभे राहायचे. "अंगठा हलव."

"हलवतेय."

"नाही हलत."

असं सतरा दिवस. अठराव्या दिवशी सिस्टर अंग पुसत होती, ती ओरडली, "हलला गं!" मला काहीच कळलं नव्हतं. डॉक्टर आले, त्यांनी खात्री केली. "इनकम्प्लीट इंज्युरी आहे. म्हणजे दोरी दाबली गेलीय, पण पूर्ण तुटलेली नाही. वेळ लागेल." त्या दिवशी पेज भरवताना आबांचा चमचा दोनदा चुकला.

चौथ्या आठवड्यातल्या रविवारी कुणीतरी माझ्या पायाशी येऊन उभं राहिलं. "कोण हाय?" मी विचारलं. नाक ओढल्याचा आवाज आला आणि चपला लांब गेल्या. पुढच्या रविवारी परत तसंच. मग सिस्टर म्हणाली, "दौंडची मुलगी आहे. रेल्वेच्या गँगमनची. पॅसेंजरनं येते म्हणाली."

मला कळलं. एवढे दिवस मी मनात तिला काय काय बोलले होते. छताकडं बघत सगळं पाठ केलं होतं.

तिसऱ्या रविवारी चपला वाजल्या तेव्हा मी म्हटलं, "ज्योती, इकडं ये. वाक. तोंड दिसू दे."

ती वाकली. माझ्या डोक्यातलं लोखंड तिनं पहिल्यांदा जवळून बघितलं. तिच्या डोळ्यातलं पाणी माझ्या हनुवटीवर पडलं. मला ते पुसता येत नव्हतं. तिनं ओढणीनं पुसलं.

"आमच्या सरांनी सांगितलं व्हतं," ती म्हणाली. "ती पोरगी घावली की उचलून आपट. म्हंजी परत चढाईला यायची न्हाई."

"पर आपटलंस तू."

"व्हय. मीच आपटलं."

"मला लई राग हाय तुझा."

"असू दे."

पाठ केलेलं काहीच तोंडातून येईना. थोड्या वेळानं ती जायला निघाली तशी मी घाबरले. आता ही गेली की उद्या चारपर्यंत कुणी नाही. मी म्हटलं, "पर येत जा."

मी तिला माफ केलं असं कुणी समजू नये. मला माणूस हवं होतं. मी दवाखान्यात असेपर्यंत ती प्रत्येक रविवारी आली. वाकून बोलायची, भरवायची, लॉग रोलला तिसरी म्हणून उभी राहायची. त्याच हातांनी माझी कंबर धरायची. पहिल्यांदा माझ्या अंगावर काटा आला होता.

चिमटा काढल्यावर कॉलर आली, म्हणजे मान जागेवर धरणारा कडक पट्टा. पहिल्यांदा बसवलं तेव्हा मला घेरी आली. मग फिजिओथेरपी. दोन आडव्या दांड्यांना धरून चार पावलं, दुसऱ्या दिवशी सहा. घरी आले तेव्हा मी चालत होते. उजव्या हाताची मूठ मात्र अजून नीट वळत नाही. भरलेली कळशी उचलता येत नाही, भाकरी डाव्या हातानं थापते.

घरी आल्यावर आबा त्याबद्दल एकदाच बोलले. "सांगितलं असतंस तर मी बघाया आलो असतो." ते रागवून बोलले नाहीत, आणि मला तेच सहन झालं नाही.

ज्योतीनं खेळ सोडला. मी सोड म्हटलं नव्हतं. तिचं लग्न कुरकुंभला झालं, नवरा कंपनीत शिफ्टला जातो. वर्षातून एकदा येते. त्या सामन्याबद्दल आम्ही बोलत नाही.

मी आता गावात अंगणवाडी चालवते. शिरूरला शाळांचे सामने असले की जाते आणि रेषेजवळ उभी राहते. आधी पायानं माती उकरून बघते. कडक असेल तर कुदळीनं भुसभुशीत करून घ्या म्हणून मागं लागते. उचलून आपटणाऱ्या मुलीला बाहेर बसवा म्हणून पंचांशी भांडते. "आल्या कटकट्या बाई," असं कुणीतरी म्हणतंच.

गेल्या हंगामात सातवीतली एक मुलगी मानेवर पडली. चार जण धावले. मी त्यांच्या आधी पोचले, गुडघे टेकले आणि तिचं डोकं दोन्ही तळव्यांत जसं होतं तसं धरलं. "कुणी हात लावायचा न्हाई. गाडी बोलवा, फळी आणा."

"बाई, मला उठू द्या ना," ती म्हणाली.

"न्हाई. माझ्याकडं बघ. नाव सांग तुझं."

गाडी यायला पाऊण तास लागला. माझा उजवा हात भरून आला, पण मी काढला नाही. मी तिच्यावर वाकून तिच्याशी बोलत राहिले. पाचव्या भावंडापर्यंतची सगळी नावं मला तिनं सांगितली. मग तिला न वाकवता फळीवर घेतलं. एक्स-रे काढला, त्यात काही निघालं नाही.

तिची आई दवाखान्यात धावत आली होती. डॉक्टरांचं ऐकून ती माझ्यावरच उखडली. "काय बी झालं न्हाई म्हणत्यात! उगाच जीव घाबरा केला तुम्ही बाई. पोरीला पाऊण तास मातीत झोपवून ठिवली!"

तिच्या मागं ती मुलगी मान वळवून भिंतीवरचं चित्र बघत होती. वळवून, सहज.

"व्हय," मी म्हटलं, "उगाचच." आणि मला हसू आवरेना.