चिमाबाईचा आवाज आणि शांत दरी

आंदर मावळात, डोंगराच्या कुशीत, उंबरदांड नावाची ठाकरांची वाडी आहे. वाडीत फोनला रेंज नाही, पण चिमाबाई आहे. तिनं खाचराच्या बांधावरून हाक मारली की पलीकडच्या वाडीतली म्हैस मान वर करून बघते. खालून एसटी निघाली असेल तर ती डोंगरावरूनच ओरडते, "थांब रं माज्या राजा!" आणि ड्रायव्हर गुमान ब्रेक मारतो.

हळू बोलणं तिला जमतच नाही. स्वतःच्या लग्नात ती करवलीच्या कानात "नवरा बरा दिसतोय" असं कुजबुजली आणि अख्खा मांडव हसला. तो नवरा म्हणजे महिपती. त्याचा आवाज इतका बारीक, की तो बोलतो की नुसते ओठ हलवतो, याबद्दल वाडीत अजून दोन मतं आहेत. बचत गट निघाला तेव्हा बायकांनी चिमाबाईला अध्यक्ष केलं, कारण मीटिंगचा निरोप द्यायला कुणाला घरोघर फिरावं लागलं नसतं.

वाडीभोवतीचं रान राखीव. तिथं खणायला परवानगी लागते, बांधायलाही परवानगी लागते. पण अशा गावांनी रानाला धक्का न लावता काही करायचं ठरवलं, तर अनुदान देणारी एक संस्था पुण्यात होती. सुदुंबऱ्याच्या बाजूला कंपनीत कामाला जाणाऱ्या, वाडीतल्याच उमेशला ते कळलं. त्यानं वाडीला बसवून योजना आखली: घरोघरी बिनधुराची चूल, देशी झाडांची रोपवाटिका आणि धबधब्याकडे जाणारी एक पायवाट, जिथं पर्यटकांनी गाणी न लावता, आरडाओरडा न करता, पाखरं ऐकत चालायचं. योजनेला नाव दिलं, 'शांत दरी'.

नाव सगळ्यांना आवडलं. मग सगळ्यांनी चिमाबाईकडं बघितलं.

"मावशी," उमेश चाचरत म्हणाला, "संस्थेच्या मॅडम बघायला येणारेत. त्या दिवशी जरा हळू बोलाल का?"

"न बोलायला काय झालं!" चिमाबाई म्हणाली आणि जांभळीवरचे बगळे उडाले.

तिनं सराव केला. चुलीपाशी बसून महिपतीला हळूच म्हणाली, "मीठ द्या." शेजारची रतनबाई मीठ घेऊन आली. तेव्हा असं ठरलं, की त्या दिवशी चिमाबाईनं तोंडच उघडायचं नाही.

रुखसार मॅडम आल्या. लोणावळ्याच्या, तरुण, मनानं हळव्या. त्यांनी अध्यक्षांना विचारलं, "मावशी, तुमचं नाव काय?"

चिमाबाईनं ओठ घट्ट मिटून उमेशकडं बघितलं.

"त्या बोलत न्हाईत," उमेश म्हणाला. त्याला पुढं 'आज' म्हणायचं होतं, पण ते राहूनच गेलं. मॅडमनी चिमाबाईचा हात हातात घेतला आणि त्यांचे डोळे भरून आले. आता खुलासा करायची कुणाची छाती होईना.

दिवसभर चिमाबाईनं हातवाऱ्यांनी सगळी योजना समजावली. चुलीच्या धुरानं सासूबाईंना झोप लागत नाही, हे सांगायला तिनं डोळे चोळले, खोकली, सासूच्या खोलीकडं बोट केलं आणि मान टाकली. मॅडमना वाटलं, सासूबाई धुरानं गेल्या. त्यांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला सांगितलं. सासूबाई तेव्हा परसात कोंबडीला शिव्या देत होत्या. महिपतीनं धावत जाऊन त्यांना आत घेतलं आणि बाहेरून कडी लावली.

अनुदान मंजूर झालं. वाडीत गूळ वाटला. पण काम चालू झालं तशा मॅडम पाहणीला दर महिन्याला येऊ लागल्या. त्या आल्या की चिमाबाईची वाचा बंद आणि सासूबाई कडीच्या आत. त्यात मॅडम मूकबधिरांची भाषा शिकल्या. एकदा आल्या त्या थेट बोटं नाचवतच. चिमाबाईला त्यातलं ओ की ठो कळेना. तिनं आपले भात लावल्यासारखे, म्हशी वळवल्यासारखे हात केले. मॅडम उमेशला म्हणाल्या, "ग्रामीण खुणा वेगळ्या असतात. मी अजून शिकेन."

चिमाबाईचा जीव मेटाकुटीला आला. मॅडम तिला आवडल्या होत्या. त्यांना विचारायचं होतं, लग्न का केलं नाहीस, एवढी वाळलीस का, लोणावळ्यात पावसाचे कपडे कुठं वाळत घालता. सगळं पोटात साठत गेलं. मॅडमची गाडी वळणाआड गेली की ती ओढ्यावर जाऊन एका खडकाला सगळं मोठ्यानं सांगे.

अशाच एका भेटीत, सगळे रोपवाटिकेत करंजाची रोपं बघत असताना एक जीप येऊन थांबली. तीतल्या पोरांनी टपावर भलामोठा स्पीकर ठेवला आणि गाणं लावलं. पाखरं उडाली, रोपं थरथरली. मॅडम गेल्या, विनंती केली. पोरं हसली. उमेशनं हात जोडले. पोरांनी आवाज वाढवला आणि त्यातला एक करंजाच्या वाफ्यातच नाचायला लागला.

चिमाबाईनं पदर तोंडात कोंबला. पदर पुरला नाही.

"आरं ए मुडद्या! त्ये बंद कर! आन माज्या रोपावरचा पाय काड!"

समोरच्या कड्यावरून "पाय काड, पाय काड" असं परत ऐकू आलं. नाचणारा पोरगा एका पायावरच गोठला. स्पीकर बंद झाला. जीप मागच्या मागं गेली.

मग महिपती पुढं झाला. हात जोडून बारीक आवाजात म्हणाला, "वाघजाई पावली. वाचा फुटली."

तेवढ्यात शेजारच्याच घराच्या बंद दाराआडून म्हातारीनं हाक दिली, "सुटली का तुजी वाचा? मंग माजी कडी काड की!"

"ह्या कोण?" मॅडमनी विचारलं.

"सासूबाई," चिमाबाई म्हणाली.

"ज्या गेल्या होत्या त्या?"

"कुटं गेल्यात? लय चिवट हाय!"

मॅडम बांधावर मटकन बसल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "मावशी, मी दर रविवारी पुण्याला क्लासला जात होते! तुमच्यासाठी!"

चिमाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती त्यांच्याशेजारी बसली आणि जमेल तितकं हळू म्हणाली, "पैसं परत न्या, पर राग धरू नगा. तुमच्याशी बोलायला जीव निस्ता तळमळत व्हता."

कड्यानं तेही परत ऐकवलं, "व्हता, व्हता." मॅडमना आधी हसू आवरेना, मग रडू. संध्याकाळपर्यंत चिमाबाईनं साठलेलं सगळं विचारून घेतलं. लग्नाचंसुद्धा.

मॅडमनी संस्थेला सगळं खरं सांगितलं. तिथले साहेब येऊन पेटत्या चुली आणि वाढलेली रोपं बघून गेले, उमेशला चांगलं फैलावर घेतलं, आणि काम पुढं चालू ठेवायला सांगितलं. पायवाटेच्या तोंडाशी आता चिमाबाई बसते. स्पीकर खांद्यावर घेऊन आलेली माणसं तिचं एकच वाक्य ऐकतात आणि स्पीकर गाडीत ठेवून येतात.

पुढं संस्थेनं तळेगावात गावोगावच्या लोकांचा मेळावा घेतला. चिमाबाईला दोन शब्द बोलायला बोलावलं, तर अख्खी वाडी सोबत गेली. रुखसार मॅडमनी मुद्दाम तिच्यापुढचा माईक काढून ठेवला. ती उभी राहिली. समोर एवढी माणसं, खुर्च्या, पंखे. जन्मात पहिल्यांदा तिच्या तोंडून नुसती हवा आली. उमेशनं डोळे मिटून घेतले.

तेव्हा अगदी मागच्या रांगेतून महिपती खुर्चीवर चढला आणि शिरा ताणून ओरडला, "ऐकू येईना! मोठ्यानं बोल की गं!"

अख्खी वाडी वळून त्याच्याकडं बघत राहिली. चिमाबाई तर आधी लाजली, मग हसली आणि मग बोलायला लागली.