परवानगी नाकारली तर

माझे सध्याचे वाचक हसत नाहीत, चिडत नाहीत, आणि सांगितलं तेवढं बिनबोभाट करतात. असा वाचक मिळायला नशीब लागतं, असं मला वाटायचं. नंतर नशिबानं दात दाखवले.

पुण्यातल्या एका कंपनीनं संगणकाचा स्क्रीन रेकॉर्ड करणारं एक टूल बनवलंय. ते वापरायचं एआय एजंटांनी. एजंट म्हणजे माणसाऐवजी संगणकावर कामं उरकणारा प्रोग्राम. काम करताना स्क्रीनवर काय काय घडलं, याचा व्हिडिओ तो पुरावा म्हणून ठेवतो. रेकॉर्डिंग सुरू कसं करायचं, थांबवायचं कसं, मध्येच अडलं तर काय करायचं, हे त्या एजंटांना वाचायला मी लिहितो. उदगीरला, घरी बसून. हे घरी बसणं मला पगाराहून मोठं आहे. पुण्यात भाड्याच्या खोल्या बदलून बदलून मी परत आलोय, आणि पुन्हा बिऱ्हाड बांधायची ताकद माझ्यात न्हाई.

रेकॉर्डिंगच्या आधी स्क्रीनवर एक चौकट येते: रेकॉर्ड करू का? समोरचा माणूस 'नाही' दाबू शकतो. मग एजंटानं काय करायचं, एवढं एक वाक्य मला लिहायचं होतं. मी लिहिलं: परवानगी नाकारली तर पुन्हा विचारा.

तुम्ही आमच्याकडचे असाल तर यात चूक काय, हे तुम्हालाही कळणार नाही. आमच्याकडं पाहुणा चहाला आधी नकोच म्हणतो; लगेच हो म्हणणं हावरटपणाचं दिसतं. पुन्हा विचारलं की 'आत्ताच घेतला' म्हणतो. तोवर आधण उकळत असतं. एकदा भोकरला मावशीकडं पोट बिघडलेलं असताना मी अगदी मनापासून नको म्हणालो. मावशी म्हणाली, "लाजू नको रे, घरचाच हायस." भरून दोन कप पाजले. पुढचं सांगत नाही. परतीची एसटी होती, एवढं पुरे.

तर टूल दाखवायचा दिवस आला. ग्राहक कंपनीतल्या एक बाई संगणकावर बसलेल्या, आमच्या मॅनेजर मॅडम आणि मी व्हिडिओ कॉलवर. बाईंच्या स्क्रीनवर त्यांचा घरगुती ईमेल उघडा होता, म्हणून चौकट आल्याबरोबर त्यांनी 'नाही' दाबलं. चौकट परत आली. 'नाही.' परत आली. बाई हसल्या, मग हसायच्या थांबल्या. मावशीसुद्धा कधीतरी चेहरा बघून ओळखते. एजंटाला चेहरा दिसत नव्हता, माझं वाक्य दिसत होतं. मी मात्र मनातल्या मनात प्रोग्रामरला शिव्या घालत बसलो होतो. शेवटी बाईंनी लॅपटॉपच मिटला.

"हे कुणी लिहिलंय?" मॅडमनी विचारलं.

"मी."

"का पण?"

"आमच्याकडं असंच विचारतात, मॅडम. पहिलं नाही खरं नसतं."

मॅडमनी कॉल बंद केला.

बेइज्जती झाली ती झाली. वाक्य मी बदललं: परवानगी नाकारली तर थांबा. पुन्हा विचारू नका. रेकॉर्डिंगशिवाय काम होत नसेल तर तसं सांगा आणि काम सोडा. माझ्या हिशेबी विषय मिटला.

दोन दिवसांनी मॅडमचा फोन. "मी काय म्हणते, ती चौकटच नको. आपल्या चाचणीसाठी एक छुपी कमांड आहे ना, न विचारता रेकॉर्डिंग सुरू करणारी? तीच लिहून द्या एजंटांना."

म्हणजे त्या बाईंना नाही म्हणायचीही सोय राहणार नाही. मी म्हणालो, "नाही, मॅडम."

"ग्राहकांना कटकट नकोय हो."

"कटकट माझ्या वाक्यानं केली. ते काढलं. पण विचारायचं एकदा, आणि नाही म्हणलं की विषय संपला."

मॅडम हसल्या. "तुमच्याकडं पहिलं नाही खरं नसतं ना? मग पुन्हा विचारते. लिहिताय?"

माझंच खेटर, माझ्याच डोक्यात. स्वयंपाकघराच्या दारातून बायको स्पीकरवरचं सगळं ऐकत होती. ती हळूच म्हणाली, "हो म्हणा की. आजवर कुणाला नाही म्हणलात तुम्ही?"

खरंय. एलआयसीवाल्याला नाही म्हणता आलं नाही, भिशीला नाही म्हणता आलं नाही, मेव्हण्याच्या जुन्या फटफटीला नाही म्हणता आलं नाही. ती अजून अंगणात उभी आहे.

"नाही," मी म्हणालो.

"मग हे काम इथं समोर बसणाऱ्या कुणाला तरी द्यावं लागेल. नाहीतर तुम्ही पुण्याला या. समोरासमोर समजावून सांगता येतं. बघा, शेवटचं विचारते."

"मॅडम, कितीही वेळा विचारा. ती कमांड मी लिहिणार नाही. आणि पुण्यालाही येणार नाही."

फोन ठेवला. बायकोनं न विचारता चहा आणून ठेवला. मी नको म्हणालो. तिनं बशी पुढं सरकवली. प्यायलो.

संध्याकाळी मॅडमचा मेसेज आला: सध्या आहे तसंच जाऊ द्या, पुढच्या महिन्यात बघू.

बायको म्हणाली, "बघू म्हणजे?"

"म्हणजे पुन्हा विचारणार."

विचारू द्या.