विटाळाचे बटाटे

मला तिरसट म्हणतात. म्हणू देत. दौंडला रेल्वेच्या चाळीत एका खोलीत वाढलेली मी. तिथं ‘बाहेर बसायला’ बाहेर होतंच कुठं? त्या चार दिवसांतही आई मला चुलीपुढं बसवायची. त्यामुळं लग्न होऊन केंदूरला आले आणि दर महिन्याला गोठ्याशेजारी गोणपाटावर बसवायला लागले, तेव्हा पहिल्याच खेपेला माझं टाळकं सरकलं.

दुष्काळ मागं पडून विहिरीला पुन्हा पाणी आलं होतं. मामंजी, म्हणजे माझे सासरे, हिवाळ्यात बटाटा करायचे. मी आले त्याच वर्षी काढणीला बटाटे निघाले ते अंगभर चामखिळी उठल्यासारखे. व्यापाऱ्यानं हातही लावला नाही. बेणं विकणाऱ्यानं सांगितलं, जात बदला, नव्या जातीला असलं काही होत नाही. मामंजींनी नवी जात आणली. पुढच्या हिवाळ्यात तीही तशीच निघाली.

आता बेणं तर चांगलं, दुकानदारानं छातीठोक सांगितलेलं. मग खोट कुणात? घरात नवीन आलेल्या सुनेत! सासूबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणायची, म्हणाल्या, हिनं बाहेरची असताना वावर तुडवलं, विटाळानं पीक नासलं. सगळ्या भावकीला ते पटलं. पुढच्या काढणीलाही असंच झालं तर हिला कायमची दौंडला पोचवायची, असं मामंजींनी सांगून टाकलं. आमचे हे खाली मान घालून तंबाखू मळत बसले. असला संताप आला मला त्यांचा!

त्याच सुमारास शेतकीचे एक साहेब गावात आले. त्यांनी बांधावरचं वांग्याचं झाड उपटून मुळांवरच्या गाठी दाखवल्या. म्हणाले, यात डोळ्यांना न दिसणारी अळी असते, सूत्रकृमी. तीच बटाट्यात शिरते. तुम्ही आणलेली जात तिच्यापुढं टिकत नाही, दुकानदार काहीही म्हणो. आधी रानात झेंडू करा, मग बटाटा लावा. मामंजी हसले. न दिसणारा किडा त्यांना पटेना. न दिसणारा विटाळ मात्र पटत होता.

मी विहिरीकडचा पट्टा झेंडूला मागितला. दसऱ्याला फुलं पुण्याला जातात, म्हणून मिळाला. अट एकच, बटाट्याच्या मोठ्या वावरात पाऊल टाकायचं नाही. बरं, म्हटलं. दिवाळीनंतर झेंडू उपटला, मोठ्या वावरात लावून उरलेलं तेच बेणं मागून घेतलं. नेमका लावायच्या दिवशी सकाळी मला कावळा शिवला. कुणाला सांगितलं नाही. पदर खोचला आणि एकेक बटाटा सरीत टाकत गेले. भीती वाटली का? वाटली की. साहेबांचं बोलणं खोटं निघालं असतं तर माझं गाठोडं बांधलेलंच होतं. पण त्या दिवशी मी गोणपाटावर बसणार नव्हते म्हणजे नव्हते.

महाशिवरात्रीच्या तोंडावर माझा पट्टा आधी काढला. बटाटे कसे स्वच्छ, गुळगुळीत! आत्याबाईंनी त्यातलेच उकडून महादेवाला दाखवले, उपासाला खाल्ले, वर औंदा बटाटा गोड निघाला म्हणाल्या. मी गप्प राहिले. कशी राहिले ते माझं मला माहीत.

मग मोठं वावर काढायला घेतलं. पहिल्याच सरीत तेच, गाठीच गाठी. सगळ्यांनी वळून माझ्याकडं बघितलं. मी बांधाच्या अलीकडं, माझ्या पट्ट्यात उभी होते. मामंजींनी आमच्या ह्यांना दौंडला जायला गाडी जुंपायला सांगितली.

मी म्हणाले, “जुंपा. पण आधी ऐका. त्या वावरात मी वर्षभर पाय ठेवला नाही, तरी ते नासलं. हा पट्टा मी बाहेरची असताना लावला. शिवरात्रीला घरानं खाल्लं ते यातलंच.”

मला वाटलं, आत्याबाई आता माझ्या झिंज्या उपटतात. त्यांनी हातातला गाठीचा बटाटा अंगठ्यानं चोळून चोळून बघितला. मग त्या बांध ओलांडून माझ्याकडं आल्या आणि मामंजींकडं तोंड करून उभ्या राहिल्या.

“आवं, वांगी नासली म्हनून मलाबी पाळण्यातल्या पोरासकट माहेरी धाडलं व्हतं तुम्ही. तवा म्या झाडं उपटून बघितली व्हती. मुळांना आशाच गाठी व्हत्या. आता हिच्यासंगं मीबी जाते. जुंपा गाडी.”

गाडी कुणी जुंपली नाही.